एचआयव्हीची तपासणी: नाशिकमध्ये कोठे जावे, तिथे काय घडते आणि अहवाल कसा वाचावा

एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी असे मनात येऊनही अनेक जण ती महिनोन्महिने पुढे ढकलतात. सुईची भीती किंवा खर्च हे त्याचे कारण क्वचितच असते, कारण सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते आणि रक्तही थोडेसेच लागते. पाय अडखळतो तो वेगळ्याच विचारांनी: तिथे कोण काय विचारील, ओळखीचे कोणी दिसले तर काय सांगायचे, अहवाल कोणाच्या हाती पडेल आणि त्यावर लिहिलेले आपल्याला कळेल का. नाशिक शहर आणि जिल्ह्यातील वाचक डोळ्यांसमोर ठेवून ही सगळी प्रक्रिया येथे क्रमाने सांगितली आहे. काय होणार आहे हे आधी ठाऊक असले की जाणे पुष्कळ सोपे होते, हे लोकांच्या सोबतीला केंद्रात जाताना मी वारंवार पाहिले आहे.

आधी तारीख आठवा

केंद्रात जाण्यापूर्वी एक गोष्ट घरीच करावी. ज्या प्रसंगामुळे शंका आली तो प्रसंग कोणत्या तारखेला घडला, हे आठवून लिहून ठेवावे. तपासणी कधी करायची आणि तिच्या निकालावर किती विसंबायचे, हे दोन्ही या तारखेवर अवलंबून असते.

प्रसंगाला अजून ७२ तास उलटले नसतील, तर तपासणीचा विचार बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठावे. कंडोम फाटला असेल, लैंगिक अत्याचार झाला असेल किंवा दुसऱ्याला वापरलेली सुई टोचली असेल, तर विषाणू शरीरात रुजू नये म्हणून प्रतिबंधक औषधे देता येतात. त्यांना पीईपी म्हणतात. ती जितकी लवकर सुरू होतील तितका त्यांचा उपयोग अधिक असतो, शक्य तर पहिल्या काही तासांतच ती सुरू व्हावीत, आणि पुढे २८ दिवस एकही दिवस न चुकवता घ्यावी लागतात. रात्रीची वेळ असली तरी जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन घडलेला प्रसंग डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावा. धोका किती आहे हे पाहून औषधांचा निर्णय डॉक्टर घेतात. ‘सकाळी बघू’ असे म्हणण्यात जाणारे तास नंतर भरून काढता येत नाहीत.

त्यापेक्षा अधिक काळ लोटला असेल, तर प्रश्न येतो तो ‘विंडो पिरियड’चा. बहुतेक सरकारी केंद्रांत वापरले जाणारे जलद चाचणीचे किट विषाणू शोधत नाहीत. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधतात. ही प्रतिपिंडे किटला दिसतील इतक्या प्रमाणात तयार होण्यास काही आठवडे लागतात, आणि तोवर संसर्ग झालेला असूनही चाचणी निर्दोष, म्हणजे संसर्ग नसल्याचे दाखवणारी, येऊ शकते. प्रसंगानंतर चार दिवसांनी केलेली चाचणी म्हणजे कांद्याचे बी टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी वाफ्यात रोप शोधण्यासारखे आहे. प्रतिपिंडांच्या जलद चाचणीसाठी पूर्ण खात्रीची मुदत तीन महिन्यांची धरली जाते. खासगी प्रयोगशाळांत होणारी ‘फोर्थ जनरेशन’ चाचणी प्रतिपिंडांसोबत विषाणूचा पी-२४ हा घटकही शोधते, त्यामुळे शिरेतून घेतलेल्या रक्तावर ती साधारण १८ ते ४५ दिवसांत संसर्ग दाखवू शकते. विषाणूची जनुकीय सामग्री शोधणारी न्यूक्लिक आम्ल चाचणी त्याहून आधी, साधारण १० ते ३३ दिवसांत संसर्ग पकडते, परंतु ती महाग असते आणि नेहमीच्या तपासणीसाठी वापरली जात नाही.

तीन महिने होईपर्यंत हातावर हात ठेवून बसावे, असा याचा अर्थ कोणीही घेऊ नये. लवकर गेल्यास आधीच्या काळातला एखादा संसर्ग असेल तर तो लगेच कळतो आणि पुढची तारीख ठरवून मिळते. मधल्या काळात मात्र कंडोमशिवाय संबंध ठेवू नयेत, कारण संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण फार जास्त असते आणि नेमके त्याच वेळी चाचणी निर्दोष येण्याचा संभव असतो. ताप, घसा दुखणे, अंगावर पुरळ अशी लक्षणे दोन ते चार आठवड्यांत काहींना दिसतात आणि काहींना मुळीच दिसत नाहीत. हीच लक्षणे साध्या विषाणूजन्य तापातही येतात. लक्षणांवरून स्वतःच निदान करून घेणाऱ्यांची झोप विनाकारण उडते, किंवा उलट ते खोट्या भरवशावर राहतात.

नाशिकमध्ये कोठे जावे

सरकारी तपासणी केंद्राचे नाव ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ असे आहे, परंतु रुग्णालयात विचारताना ‘आयसीटीसी कुठे आहे?’ असे विचारले की कोणीही बोट दाखवील. शहरातले मुख्य ठिकाण म्हणजे त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालय, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात. मध्यवर्ती बसस्थानकापासून, म्हणजे सीबीएसपासून, ते जवळच असल्याने बाहेरगावाहून येणाऱ्यांनाही सोयीचे पडते. एचआयव्हीवरील औषधोपचाराचे, म्हणजे एआरटीचे, केंद्रही याच आवारात आहे. मालेगावचे सामान्य रुग्णालय, कळवण आणि मनमाडसारख्या ठिकाणची उपजिल्हा रुग्णालये, तसेच तालुक्यांची ग्रामीण रुग्णालये येथेही चौकशी करावी. अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्राथमिक स्वरूपाची एकच जलद चाचणी होते आणि ती दोषयुक्त, म्हणजे संसर्ग दाखवणारी, आल्यास पक्क्या निदानासाठी मोठ्या केंद्रात पाठवले जाते. आपल्याला कोणते केंद्र जवळचे, हे १०९७ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारता येते, आणि तिथे नाव सांगण्याची गरज नसते.

आपल्याच तालुक्याच्या दवाखान्यात गेले तर शेजारचे कोणीतरी पाहील, या धास्तीने निफाड-दिंडोरीकडची माणसे नाशिकला येतात आणि नाशिकची माणसे आणखी कोठे जातात. यात गैर काहीच नाही. तपासणी कोणत्या केंद्रात करावी यावर पत्त्याचे बंधन नसते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला असलेला परप्रांतीय कामगार, आडगावच्या ट्रक टर्मिनलवर एका रात्रीपुरता थांबलेला चालक किंवा द्राक्षाच्या हंगामात मजुरीला आलेले जोडपे, या सर्वांनाही ही सेवा तशीच मोफत मिळते.

पैसे खर्च करण्याची तयारी असली, तरी माझा आग्रह सरकारी केंद्राचाच राहील. खासगी पॅथॉलॉजीत तपासणी चांगली होत नाही असे मुळीच नाही. पण तिथे बरेचदा रक्त दिले की अहवाल मोबाईलवर येतो आणि त्या अहवालासोबत माणूस एकटा उरतो. आयसीटीसीत समुपदेशक हा तपासणीचाच भाग असतो, आणि एका किटने दोष दाखवल्यास पुढच्या चाचण्या लगेच, त्याच ठिकाणी होतात.

एक मार्ग मात्र कटाक्षाने टाळावा. गणेशोत्सवात किंवा जयंतीला भरणाऱ्या रक्तदान शिबिरात ‘रक्त दिले की तपासणी आपोआप होते’ म्हणून काही जण बसतात. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्हीसाठी तपासणी होते हे खरे, परंतु विंडो पिरियडमधले रक्त त्या तपासणीतूनही निसटू शकते आणि ते ज्याला चढवले जाईल त्याच्या जिवाशी खेळ होतो. शंका असलेल्या व्यक्तीने रक्तदान करू नये.

समुपदेशकाच्या खोलीत

केंद्रात सकाळीच गेलेले बरे, म्हणजे नमुना वेळेत घेतला जाऊन अहवाल त्याच दिवशी हाती पडण्याची शक्यता वाढते. उपाशीपोटी जाण्याची गरज नाही आणि चालू असलेली औषधेही बंद करायची नाहीत. बाहेरच्या खिडकीवर केस पेपर काढावा लागला, तर तिथे कारण सांगत बसण्याची आवश्यकता नसते. ‘आयसीटीसीत जायचे आहे’ एवढे पुरते.

समुपदेशक एका वेळी एकाच व्यक्तीला आत घेतात आणि दार लोटून बोलतात. नाव, वय, पत्ता आणि फोन यांची नोंद होऊन एक क्रमांक दिला जातो. पुढे काही कळवायचे झाल्यास तोच फोन उपयोगी पडतो, म्हणून तो खरा द्यावा. त्यानंतरचे प्रश्न खासगी असतात: जोडीदार किती, कंडोम वापरला होता का, स्त्री-पुरुष संबंध की पुरुष-पुरुष संबंध, नशेसाठी सुई वापरली आहे का, कधी रक्त चढवले आहे का, खोकला किंवा गुप्तरोगाची लक्षणे आहेत का. ‘दादा, शेवटचा संबंध कधी आला होता, जरा आठवून सांगा,’ असे विचारले जाते तेव्हा घरी लिहून ठेवलेली तारीख कामी येते. टेबलावर कंडोम वापरण्याचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी लिंगाचा नमुना ठेवलेला असतो. तो पाहून बावरू नये. समोर बसलेल्या व्यक्तीने अशी माहिती असंख्य वेळा ऐकलेली असते आणि ती माणसाचे मोजमाप करण्यासाठी विचारली जात नाही. खोटे सांगितले तर नुकसान आपलेच होते, कारण पुन्हा कधी यायचे हा सल्ला त्याच उत्तरांवरून ठरतो.

चाचणीपूर्वी संमती घेतली जाते. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करण्यास त्यात मनाई आहे. न्यायालयाचा आदेश, दान केलेल्या रक्ताची तपासणी, असे मोजकेच अपवाद आहेत. संमती म्हणजे केवळ सही नव्हे. चाचणी कशासाठी, तिचे निकाल कोणते असू शकतात आणि पुढे काय, हे समजेल अशा भाषेत सांगितल्यानंतरच सही करावी. नको वाटल्यास त्या क्षणी नकार देऊन उठताही येते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते.

रक्ताची नळी आणि तीन किट

प्रयोगशाळेतले काम थोडक्यात आटोपते. दंडाला रबरी पट्टा बांधून, स्पिरिटचा बोळा फिरवून, आपल्यासमोर पाकीट फोडून काढलेल्या नव्या सुईने काही मिलिलिटर रक्त काढले जाते. काही ठिकाणी बोट टोचून थेंबभर रक्तावरच पहिली चाचणी करतात. नळीवर दिलेला क्रमांक आपल्याच कागदावरचा आहे ना, हे एकदा स्वतः पाहून घ्यावे. त्यात कोणालाही वाईट वाटण्याचे कारण नाही.

पुढे नळी यंत्रात फिरवून रक्तातला पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, वेगळा केला जातो. जलद चाचणीच्या एका प्रकारात बोटाएवढ्या प्लास्टिकच्या पट्टीवरील खळग्यात त्या सीरमचा थेंब आणि त्यावर किटसोबत येणाऱ्या द्रवाचे थेंब टाकतात, आणि ओल हळूहळू पट्टीभर सरकत जाते. ‘सी’ या खुणेजवळ एक रेघ उमटलीच पाहिजे, कारण किट नीट चालले आहे याची ती खूण असते; ती उमटली नाही तर चाचणी बाद ठरवून पुन्हा केली जाते. फक्त ही एकच रेघ आली तर निकाल निर्दोष, म्हणजे ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’. चाचणीच्या जागी दुसरी रेघही दिसली, मग ती फिकट का असेना, तर त्या किटपुरता निकाल दोषयुक्त, म्हणजे ‘रिअ‍ॅक्टिव्ह’. यास साधारण अर्धा तास पुरतो.

पहिले किट नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आले तर तिथेच थांबून अहवाल दिला जातो. ते रिअ‍ॅक्टिव्ह आले तर मात्र निदान झाले असे समजत नाहीत. विषाणूच्या वेगळ्या घटकांवर (प्रतिजनांवर) किंवा वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या आणखी दोन किटवर तपासणी होते, आणि तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आल्यावरच ‘पॉझिटिव्ह’ असा शेरा पडतो. तिन्हींपैकी दोनच किट रिअ‍ॅक्टिव्ह आले तर निकाल अनिश्चित धरून १४ ते २८ दिवसांनी पुन्हा बोलावले जाते.

तीन चाचण्यांचा हा खटाटोप कशासाठी, हे एका हिशेबाने पटते. देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, म्हणजे दहा हजारांत साधारण २० जण. समजा, एखादे किट या विसांनाही अचूक पकडते, परंतु संसर्ग नसलेल्या दर दोनशेंपैकी एकाला चुकून रिअ‍ॅक्टिव्ह दाखवते. उरलेल्या ९,९८० जणांत असे सुमारे ५० निघतील. याचा अर्थ रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्या ७० जणांपैकी ५० जणांना मुळात संसर्गच नसेल. किट चांगले असूनही हे घडते, कारण ज्यांना आजार नाही त्यांची संख्याच प्रचंड असते. म्हणून खासगी प्रयोगशाळेच्या एका अहवालावर किंवा ऑनलाइन मागवलेल्या किटच्या एका रेघेवर विसंबून कोणीही टोकाचा निर्णय घेऊ नये, घरात काही जाहीर करू नये. तोच कागद घेऊन सरळ आयसीटीसीत जावे आणि पक्के निदान करून घ्यावे.

अहवाल हाती येताना

अहवाल समुपदेशकाच्या खोलीत, ज्याचा त्यालाच दिला जातो. नातेवाइकाच्या हाती तो देत नाहीत आणि फोनवरही सांगत नाहीत. सोबत कोणी आले असेल, तर त्यांना आत घ्यायचे की नाही हे आपण ठरवावे.

नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह अहवाल वाचताना पुन्हा त्या तारखेकडे पाहावे. प्रसंगाला तीन महिने उलटून गेले असतील आणि मध्ये दुसरा धोका घडला नसेल, तर संसर्ग नाही असे निःशंकपणे समजावे. त्यानंतर दर महिन्याला वेगवेगळ्या प्रयोगशाळांत जाऊन रक्त तपासत राहणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना गरज असते ती भीतीबद्दल कोणाशी तरी मोकळेपणाने बोलण्याची, आणि तेही समुपदेशकाकडे करता येते. तीन महिने झाले नसतील तर दिलेल्या तारखेला पुन्हा यावे. धोका चालूच राहणार असेल, तर दर सहा महिन्यांनी तपासणीची सवय ठेवावी.

अहवाल पॉझिटिव्ह आला तर समुपदेशक घाई करत नाहीत. पहिली काही मिनिटे कानांवर पडलेले काहीच डोक्यात शिरत नाही, हे त्यांना माहीत असते. त्या दिवशी एवढेच लक्षात ठेवले तरी चालेल, की एआरटी केंद्रात नाव नोंदवायचे आहे. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मिळते, आणि २०१७ पासून सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींची संख्या कितीही असली तरी निदान होताच उपचार सुरू केले जातात. तिथे सीडी-४ मोजतात, क्षयरोगाची आणि इतर आजारांची तपासणी करतात आणि गोळ्या सुरू करतात. बहुतेक प्रौढांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत, दिवसातून एकदा घ्यावी लागतात. गोळ्या आयुष्यभर चालू ठेवायच्या असतात. त्या नियमाने घेतल्या आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजणाऱ्या व्हायरल लोड तपासणीत विषाणू दिसेनासा होऊन तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. लग्न, मुलेबाळे, नोकरी, म्हातारपण हे सगळे शक्य आहे, हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. उपचार घेणाऱ्या माणसांचे आयुष्य आज खरोखर असे आहे.

जोडीदाराला सांगणे हा सर्वांत अवघड भाग. समुपदेशक त्यासाठी मदत करतात, दोघांना एकत्र बोलावून सांगण्याची तयारीही दाखवतात. आपल्या संमतीशिवाय ते परस्पर घरी कळवत नाहीत. याला एक अपवाद आहे: जोडीदाराला मोठा धोका असूनही आणि समजावल्यानंतरही आपण सांगण्यास नकार दिला, तर डॉक्टर किंवा समुपदेशकाला आपल्याला पूर्वकल्पना देऊन जोडीदारास कळवण्याची मुभा कायद्यात आहे. मात्र असे सांगितल्याने एखाद्या स्त्रीला मारहाणीचा किंवा घराबाहेर काढले जाण्याचा धोका असेल, तर तिच्या जोडीदाराला असे कळवता येत नाही.

गरोदरपण आणि बाळ

गरोदर स्त्रियांना पहिल्याच भेटीत ही तपासणी सुचवली जाते, आणि ती नाकारू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. आईने वेळेत गोळ्या सुरू केल्या आणि बाळाला औषध दिले तर तो ५ टक्क्यांच्याही खाली आणता येतो. सासरची मंडळी ‘सुनेचीच कशाला तपासणी?’ असे विचारतात, तेव्हा नवऱ्यानेही त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, म्हणून लहान बाळावर नेहमीची जलद चाचणी करून निदान करत नाहीत. सहाव्या आठवड्यापासून टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर विषाणूची जनुकीय सामग्री शोधणारी पीसीआर ही वेगळी तपासणी होते आणि अठराव्या महिन्यात शेवटचा निकाल सांगितला जातो.

कामावर किंवा दवाखान्यात सक्ती झाली तर

नोकरी देण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी एचआयव्हीची तपासणी मागणे आणि संसर्ग आहे म्हणून कामावरून काढणे किंवा उपचार नाकारणे, हे वरील कायद्याने निषिद्ध आहे. शस्त्रक्रियेपूर्वी इतर तपासण्यांसोबत न विचारता एचआयव्हीची चाचणी उरकून घेण्याची सवय काही खासगी दवाखान्यांत अजूनही दिसते. ‘यात एचआयव्हीची चाचणी आहे का आणि माझी संमती घेतली आहे का?’ असे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. शंभर किंवा अधिक माणसे काम करतात अशा आस्थापनेत, आणि आरोग्य सेवेत वीस किंवा अधिक असतील तिथेही, तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. तक्रार लेखी द्यावी, तिची प्रत जवळ ठेवावी. कोणाकडे जावे हे कळत नसेल तर जिल्हा रुग्णालयातील जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाकडे, म्हणजे डापकूकडे, विचारणा करावी किंवा १०९७ वर फोन करावा.